बांधापलीकडचा पाटील

मंडळी, तुमच्या खाचराला लागून ज्यांचे खाचर आहे, त्या घराशी तुमचे बोलणे आहे ना? असेल तर तुमच्याकडे पुष्कळ आहे असे समजा. आमच्या कैनाडच्या घरात दोन पावसाळे हे सुख नव्हते.

आमचे खाचर वरच्या अंगाला, शेजारच्या काकांचे खाली. लावणीच्या दिवसांत पाणी कुठून काढून द्यायचे यावरून आमच्या ह्यांचे आणि काकांचे वाजले. 'बांध कोरला' हा शब्द निघाला आणि बोलणेच तुटले. लावणीला एकमेकांकडे जाणारी दोन्ही घरची माणसे थांबली. दोघेही मजूर शोधत फिरले. भांडण पुरुषांचे, पण विळा मागायला जायची चोरी आम्हा बायकांना!

अशात एका रात्री मुलाने मोबाइलवर 'शेजारी' हा जुना बोलपट लावून दिला. प्रभात फिल्म कंपनीचा, १९४१ सालचा, व्ही. शांतारामांनी काढलेला. त्यात गावातले दोन म्हातारे जिवलग शेजारी आहेत, जिवबा पाटील आणि मिर्झा. बुद्धिबळ खेळावे, सुखदुःख बोलावे, असा त्यांचा शेजार. गावाजवळ धरण बांधू पाहणारा एक धनिक त्यांच्यात वितुष्ट घालतो. शेवटी धरण फुटते तेव्हा दोघे पुन्हा एक होतात, पण तोवर फार उशीर झालेला असतो.

मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले आणि पाटलाचे केशवराव दात्यांनी. हा पाटील पाहताना मला आमचे काकाच दिसू लागले.

केशवरावांचा जन्म १८८९ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातला. ते मूळचे नाटकातले नट. बोलपटात आले तेव्हा चाळिशी उलटलेली. नायक होण्याचे वय गेले होते, पण म्हातारा उभा करावा तर त्यांनीच. १९३४ च्या मराठी 'अमृतमंथन'मध्ये ते क्रूर राजगुरू झाले. १९३७ च्या 'कुंकू'त कोवळ्या मुलीशी लग्न करणारे काकासाहेब झाले. लोकांनी बोटे मोडावीत अशी ती भूमिका. पण आपली चूक उमगल्यावर आतून मोडून पडणारा माणूस त्यांनी दाखवला, आणि रागाबरोबर कीवही आली. पुढे १९४६ साली डॉ. कोटणिसांचे वडील, १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'त नृत्यगुरू. १९७१ साली ते गेले.

पुढच्या ओळीत नायक-नायिका असतात. घर उभे राहते ते मात्र अशा मागच्या खांबांवर, नाही का?

बोलपट चालू असताना आमचे हे ओटीवर बसून होते. 'मला काय त्याचे' असा चेहरा, पण कान इकडेच. शेवट झाला तेव्हा न बोलता उठून झोपायला गेले. सकाळी फावडे घेऊन बांधावर गेले आणि पलीकडे हाक दिली, "काका, पाणी या कोपऱ्यातून काढू या का?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चहा झाला का तुझा?"

बांधाची मोजणी अजून व्हायचीच आहे. ती होईल तेव्हा होईल. पण यंदाची लावणी दोन्ही घरांनी मिळून केली.

तुमच्या बांधापलीकडेही एखादा पाटील असेल. धरण फुटायची वाट पाहू नका. आजच हाक मारा.