हात न लावता शिकवलेली आसनं

लोणावळ्याला जायचं म्हटलं की डोळ्यांपुढे येतात चिक्की, धुकं आणि पावसाळ्यातले धबधबे. पण याच गावात कैवल्यधाम नावाची योगसंस्था आहे, हे आपल्यापैकी कितीजणींच्या लक्षात असतं? स्वामी कुवलयानंदांनी ती १९२४ साली सुरू केली, म्हणजे तिने शंभरी केव्हाच गाठली. मुलांच्या परीक्षा आटोपल्या, माझ्याही शाळेला सुट्टी लागली, तेव्हा घर सासूबाईंच्या हवाली करून मी तिथे आठवडाभर राहून आले. पुण्याहून लोकलने जेमतेम दीड तास. पुढे स्टेशनवरून रिक्षा केली की काम झालं.

तिथली दाट झाडी, सकाळची गार हवा, वेळेवर मिळणारं साधं जेवण (आणि तेही आपण न रांधलेलं!) यांबद्दल कितीही लिहिता येईल. पण मला सांगायचंय ते योगवर्गाबद्दल. आठवड्यात आमच्या वर्गात शिकवणाऱ्यांनी एकदाही कुणाच्या पाठीला, मानेला हात लावला नाही. जे काही शिकवलं, ते स्वतः करून दाखवून आणि बोलून.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय विशेष? सांगते. आमच्या गावातल्या एका वर्गात पश्चिमोत्तानासन करताना सर मागून येऊन पाठ दाबायचे. कपाळ गुडघ्याला टेकलंच पाहिजे, असा त्यांचा आग्रह. वर्गातल्या एका वहिनींची कंबर त्यानंतर पंधरा दिवस धरली होती. पोळ्या लाटायला उभं राहवेना. पण त्या सरांना काही बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, ''अहो, ते शिकवणारे. त्यांना 'हात लावू नका' असं कसं सांगायचं? बरं दिसतं का ते?'' पुढे त्यांनी वर्गच सोडला. दुखलं तरी गप्प, अवघडल्यासारखं झालं तरी गप्प. ही सवय आपल्याला कुणी वेगळी शिकवावी लागत नाही.

लोणावळ्यात तेच आसन कसं शिकवलं, पाहा. ''पाय लांब करून बसा. पाठीचा कणा आधी वर ताणा, मग कंबरेतून पुढे या. मांडीच्या मागे ताण जाणवला की तिथेच थांबा. श्वास सहज चाललाय का? अडकत असेल तर थोडं मागे या. शेजारणीचे हात कुठे पोचलेत ते बघू नका.'' बस्स, एवढंच. माझे हात जेमतेम पिंढऱ्यांपर्यंत पोचले आणि तेवढं त्या दिवसासाठी पुरेसं ठरलं.

भुजंगासनाच्या वेळी सूचना आली, ''बेंबी जमिनीवरच राहू दे, हातांवर भार टाकू नका, पाठीच्या बळावर छाती उचला.'' बेंबीचा हा एक शब्द ऐकला आणि किती वर उठायचं ते आपोआप कळलं. 'अजून वर, अजून वर' म्हणण्यापेक्षा हे किती सोपं!

मी स्वतः शिकवते, म्हणून मला हे फार पटलं. गणिताचं उत्तर आपणच वहीत लिहून दिलं तर मुलाला उत्तर मिळतं, रीत येत नाही. आसनाचंही तसंच. पतंजलींनी आसनाला दोन अटी घातल्या आहेत, स्थैर्य आणि सुख. आता माझं सुख कुठे संपतं आणि दुखणं कुठे सुरू होतं, हे बाहेरून कुणाच्या हाताला कसं समजणार? सिझेरियनचा जुना टाका, अवघडलेली मान, गुडघ्याची कुरकुर, हे सगळं जिचं तिलाच ठाऊक.

कुवलयानंदांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. संस्था सुरू करण्याआधी ते अमळनेरला शिक्षक होते. योगक्रियांनी शरीरात नेमकं काय घडतं, हे प्रयोग करून पाहायचा त्यांना ध्यास होता. 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्यांनी १९२४ सालीच काढलं. पुढे समूहाने करायच्या योगाभ्यासावर 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक लिहिलं. समोर पन्नास जण उभे असले तर प्रत्येकापाशी जाऊन हात-पाय कोण सरळ करणार? तिथे सूचनाच नेमकी हवी.

उलट बाजूही सांगायला हवी. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांची संस्था १९७५ पासून आहे. त्यांच्या परंपरेत शिक्षकाच्या स्पर्शाला मोठं स्थान आहे, आणि दोर, पट्टे, लाकडी ठोकळे यांच्या आधारालाही. जाणत्या हाताचा योग्य आधार गुणकारी ठरतोच. आमच्या वर्गातही एक आजी होत्या, त्यांना ऐकू कमी यायचं. शिक्षक त्यांच्यासमोर बसून प्रत्येक आसन सावकाश करून दाखवायचे. तोल जाणाऱ्या माणसाला मात्र धरायलाच हवं, तिथे नियम कसला! प्रश्न एवढाच, की हात लावण्याआधी कुणी विचारतं का? परदेशात अनेक स्त्रियांनी योगवर्गातल्या नकोशा स्पर्शाविरुद्ध उघड आवाज उठवला. आता तिकडे काही वर्गांत चटईपाशी चकती ठेवतात. ती पाहून शिक्षकाला कळतं, हिला हात लावलेला चालेल की नाही. आणि २०२० च्या टाळेबंदीत आपल्याकडेही मोबाईलवरून वर्ग भरलेच की! तेव्हा कुठे कुणाचा हात पोचत होता?

तेव्हा मैत्रिणींनो, नवा वर्ग लावण्याआधी एक दिवस नुसतं बसून ऐका. सूचना स्पष्ट आहेत का? 'दुखलं तर थांबा' असं कुणी म्हणतं का? रक्तदाब, मणक्याचा त्रास, झालेलं ऑपरेशन, दिवस गेले असतील तर तेही, शिक्षकांच्या कानावर आधीच घाला. पाळीच्या दिवसांत काय टाळायचं ते विचारून घ्या. आणि पहिल्याच दिवशी हसतमुखाने सांगून टाका, ''सर, मला हात न लावता नुसतं सांगा, मी करते.''

वाक्य एवढंसं आहे, पण पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते. लोणावळ्याहून परतल्यावर मी ते त्या वहिनींना शिकवलं. आधी लाजल्या, मग माझ्याच स्वयंपाकघरात उभ्या राहून दोनदा मोठ्याने म्हणाल्या. सोमवारपासून त्या दुसऱ्या वर्गाला जाताहेत.