चित्रांतून जुळणारी मैत्री

मूल अक्षरे वाचू लागण्याच्या कितीतरी आधी चित्रे वाचू लागते. आपण वडीलधारी माणसे मात्र चित्राला मजकुराची सजावट समजतो आणि चटकन पान उलटू पाहतो. तेवढ्यात मुलाचा चिमुकला हात आपल्या हातावर पडतो. कारण त्याचे ते पान अजून वाचून झालेले नसते.

मैत्रीसारखी गोष्ट शिकवावयाची तर चित्रांच्या या भाषेचाच आश्रय घ्यावा, असे माझे मत झाले आहे. ‘सर्वांशी मिळूनमिसळून वागावे’ हे वाक्य मूल एका दमात म्हणून दाखविते आणि दुसऱ्याच क्षणी नव्या मुलाला खेळातून दूर सारते. भोपाळमधील आमच्या वसाहतीत प्रांतोप्रांतींची कुटुंबे बदलीवर येतात. तेथे एक पाच वर्षांची ओडिया मुलगी आली. इतर मुले आपसांत हिंदीत बोलत. हिला आपली भाषा येत नाही, म्हणजे आपला खेळही येत नाही, असे त्यांनी ठरवून टाकले! बिचारी रोज जिन्याच्या पायरीवर बसून दुसऱ्यांचा खेळ पाहत राही. एवढ्याशा जिवाला ते एकाकीपण काही लहान नव्हते.

सुटीच्या दिवशी मी वसाहतीतील मुलांना गोष्टी वाचून दाखविते. त्या रविवारी मी लिओ लिओनी यांचे १९५९ साली प्रसिद्ध झालेले ‘लिटल ब्ल्यू अँड लिटल यलो’ हे पुस्तक काढले. आगगाडीच्या प्रवासात नातवंडांना रमविण्यासाठी लिओनींनी मासिकाची पाने फाडून ही गोष्ट रचली होती. तीत माणसे नाहीत. आहेत केवळ रंगांचे ठिपके. एक निळा, एक पिवळा. हे दोघे जिवलग मित्र मिठी मारतात आणि हिरवे होऊन जातात. घरी आईवडील त्यांना ओळखीत नाहीत. मग ते इतके रडतात, की निळ्यापिवळ्या आसवांतून पुन्हा आपापल्या रंगाचे होतात.

मी पिवळ्या ठिपक्यावर बोट ठेवून, “हा कोणता रंग?” असे विचारले. मुलांनी एकच गलका केला. तो ओसरल्यावर मागून हळूच शब्द आला, “हळदिया.” क्षणभर शांतता पसरली, आणि मग एक मुलगा ओरडला, “अरे, ही तर हल्दी!” सगळी मुले तिच्याकडे वळून पाहू लागली. नंतर निळ्यापिवळ्या पारदर्शक कागदांचे तुकडे एकमेकांवर धरून हिरवा रंग करण्यात ती सर्वांच्या पुढे होती. एका गोष्टीने जन्माची मैत्री जडली, असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी चेंडू तिच्या हाती आला, एवढे खरे.

देशोदेशींच्या चित्रपुस्तकांचा हाच मोठा लाभ आहे. एझ्रा जॅक कीट्स यांच्या ‘द स्नोई डे’ या १९६२ सालच्या पुस्तकातील पीटर हा अमेरिकेतील कृष्णवर्णी मुलगा. त्याने खिशात जपलेला बर्फाचा गोळा विरघळून जातो, तेव्हा बर्फ कधी न पाहिलेले आपले मूलही हळहळते. मध्य प्रदेशातील पाटणगढचे गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला जाऊन आले आणि २००४ साली चेन्नईच्या तारा बुक्सने त्यांचे ‘द लंडन जंगल बुक’ प्रकाशित केले. त्यात बिग बेन या घड्याळाचा कोंबडा झाला आहे, कारण गावात वेळ सांगतो तो कोंबडाच. आणि रोजची बस इमानी कुत्रा झाली आहे. परक्या शहराशी ओळख करून घेण्याची ही किती सुंदर रीत!

अशी पुस्तके दाखविताना पालकांनी एवढेच पथ्य पाळावे: घाई करू नये आणि तात्पर्य सांगू नये. ‘तुला येथे काय दिसते?’ असे विचारावे आणि मुलाला त्याच्या घरच्या भाषेत उत्तर देऊ द्यावे. हा रंग येथेच का, हा ठिपका कोपऱ्यात एकटाच का, हे मूल आपण होऊन शोधू लागते. आणि कागदावरील एकटा ठिपका ज्याच्या नजरेस पडला, त्याला अंगणातील एकटे मूल दिसण्यास फारसा वेळ लागत नाही.