काय काय उरलं नाही

आखातातून कायमचा गावी आलोय. जे दिसत नाही ते टिपतोय, आठवेल तसं.

सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, दोन एस.टी. गाड्या घेऊन. जून २०१७ मध्ये नवा सुरूही झाला. गाड्या त्यावरून सुसाट जातात. पावसाळ्यात मी मात्र पुढच्या सीटची दांडी धरतो.

कशेडी घाटातली ओकारी. लिंबू, आवळासुपारी, खिडकीसाठीची भांडणं. आता बोगदा झालाय. ही गेली ते बरंच झालं.

पत्त्यातलं 'जि. कुलाबा'. १९८१ पासून रायगड. आबांच्या ट्रंकेवर जुनंच रंगवलेलं आहे.

वरकसावरची नाचणी आणि वरी. पोलादपूरकडचे उतार जागच्या जागी आहेत, राब भाजणारे मुंबईला. मागे राहिलेल्यांना वानरं नि डुकरं पीक राखू देत नाहीत.

महाडच्या चवदार तळ्यावरची बंदी. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला पाणी घेतलं, तरी उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. जी गेली म्हणून दरवर्षी लोक लोटतात, अशी या यादीत एवढीच.

तळीयेची वाडी. २२ जुलै २०२१, दरड, ऐंशीहून जास्त माणसं. हिला या यादीत घालायला नको होतं. पण मग कुठे लिहू?

इरलं. बांबूच्या कामट्यांचं दुपदरी विणकाम, मधे पानं दाबलेली. डोक्यावरून कमरेपर्यंत येतं. वाकून लावणी करताना पाठ कोरडी आणि दोन्ही हात मोकळे. शेतात आता सगळ्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचे कागद, नाहीतर खताच्या गोणीची खोळ. काकीच्या पडवीत एक इरलं दिसलं, कड वाळवीने खाल्लेली. भिंतीवर लावायला मागितलं.

"भिंतीवर?" काकी म्हणाली. "भिजलं की मानेला काचतं रे ते. आधी लावणीला घालून बघ, मग लाव कुठं लावायचं ते."

"बरं, मग नेऊ?"

"आता नको. खाली कोंबडी रवणीला बसवलीय."