प्रिंटर कुणाच्या वाट्याला?

ऑफिसच्या नेटवर्कचं काम मिळालं की मी आधी लॅपटॉप घेऊन बाहेरच्या सोफ्यावर बसतो. नाशिकच्या या सीएंकडे वायफायचा पासवर्ड रिसेप्शनवर चक्क लॅमिनेट करून ठेवलेला. साहेबांसमोरच तो टाकला आणि स्कॅन मारला. टॅलीचा सर्व्हर, आर्टिकल मुलांचे लॅपटॉप, हजेरीचं थम्ब मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, सगळे एका यादीत हजर! डीव्हीआर तर कंपनीतून आला त्याच पासवर्डने उघडला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच पासवर्ड टाकून टाकून जगभरचे कॅमेरे अन् डीव्हीआर ताब्यात घेतले होते, हे मी सांगत होतो. साहेबांची नजर टॅलीवरून हलेना.

‘‘म्हणजे माझा एक क्लायंट इथं बसून दुसऱ्याचा डेटा...?’’

‘‘दार तर दिसतंय त्याला. कडी किती पक्की, ते नंतर बघू.’’

साधा स्विच काढून मॅनेज्ड स्विच बसवला. त्यावर एकाच नेटवर्कचे वेगवेगळे भाग, म्हणजे व्हीलॅन केले: १० ऑफिसला, २० पाहुण्यांना, ३० कॅमेरे आणि थम्ब मशीनला. केबल त्याच राहिल्या. सगळे व्हीलॅन एकाच केबलवरून नेणाऱ्या ट्रंक पोर्टवर फ्रेमला ८०२.१क्यूचा चार बाइटचा टॅग लागतो, त्यातल्या बारा बिटांत व्हीलॅनचा नंबर असतो. म्हणून छतावरच्या एकाच ॲक्सेस पॉइंटवर ऑफिसचं आणि पाहुण्यांचं वायफाय वेगवेगळं चालतं.

पुष्कळ जण इथंच बिल लावून मोकळे होतात. पण बरेच राउटर व्हीलॅनमधली ये-जा आपणहून चालू ठेवतात. फायरवॉलचे नियम लिहिले नाहीत, तर नुसते आयपी बदलतात. पाहुण्यांना फक्त इंटरनेट. कॅमेऱ्यांना बाहेर बंदी. ऑफिसने ३० मध्ये जावं, तिकडून कुणी आपणहून ऑफिसात येऊ नये, असे नियम मी घातले. हजेरी ऑफिसचा पीसीच मशीनमधून ओढून घेतो, त्यामुळे तिथं काही अडलं नाही.

अडलं प्रिंटरपाशी. ऑफिस सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘‘अहो, क्लायंट मोबाइलवरूनच आधार-पॅनच्या प्रिंट काढतात. ते बंद केलंत तर दिवसभर मलाच व्हॉट्सॲप!’’ मोबाइल प्रिंटर शोधतो एमडीएनएसने, आणि ती हाक व्हीलॅनपलीकडे जात नाही. राउटरवर रिपीटर लावून ती पोचवता येते. साहेब तयार होते, मी नव्हतो. ज्या मशीनवर सगळ्यांचे ताळेबंद स्कॅन होतात, ते पाहुण्यांच्या हाताशी कशाला? बराच वेळ घोळ चालला. शेवटी ताईंनाच माळ्यावरचा जुना नेटवर्क प्रिंटर आठवला. त्याची धूळ झटकली, टोनर भरला आणि २० मध्ये जोडून टाकला.

रात्री साहेबांचा फोन. ‘‘घरून कॅमेरे दिसत नाहीत.’’

दिसणार नव्हतेच, बंदी त्यांच्याशी बोलूनच घातली होती. दुसऱ्या दिवशी राउटरवर व्हीपीएन चालू करून त्यांच्या मोबाइलवर टाकून दिलं. कॅमेरे बघण्याआधी एक बटण जास्त दाबावं लागतं, म्हणून ते अजून कुरकुरतात.