पायाखालची माती

महाडजवळ सावित्री नदीच्या काठी आमचे सव हे गाव वसले आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे त्याचे नाव दूरवर पोहोचले. परंतु गावातील मुलांचा जीव मात्र मैदानात गुंतलेला असतो. मैदान तरी कसले? भातकापणीनंतर मोकळे झालेले शेत, नाहीतर शाळेपुढचे अंगण. खडे वेचावेत, माती चाळून पसरावी, पाणी शिंपडून ती चोपावी आणि फक्कीच्या रेघा ओढाव्यात, की कबड्डीचे क्रीडांगण सिद्ध होते. शिक्षक या नात्याने मी अनेक वर्षे मुलांबरोबर हे काम केले आहे. ज्या मुलाने स्वतः खडे वेचले, तो त्या मैदानावर कचरा टाकीत नाही, हे मी नित्य पाहिले.

आता मोठ्या शहरांतून निराळीच मैदाने दिसू लागली आहेत. त्यांवरील गवत बारा महिने हिरवे असते, कारण ते उगवलेले नसून प्लॅस्टिकच्या धाग्यांचे विणलेले असते. फुटबॉलच्या अशा पुष्कळ मैदानांत या पात्यांच्या मधून जुन्या टायरांच्या रबराचा चुरा पसरलेला असतो. १९६६ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे एका छपराखालील क्रीडागारात खरे गवत जगेना, म्हणून हे कृत्रिम गवत अंथरले गेले, आणि तेथून त्याची कीर्ती पसरली.

या गवताचे गुण नाकारणे अन्यायाचे होईल. त्यावर चिखल होत नाही, पाऊस थांबताच खेळ सुरू करता येतो, चेंडूही सरळ धावतो. १९७६ साली माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ तेथे सातवा आला. जगाशी स्पर्धा करावयाची, तर जगाच्या मैदानाचा सराव हवाच. आपल्या खाशाबा जाधवांचा दाखला घ्या. गोळेश्वरच्या या मल्लाची कुस्ती तांबड्या मातीत घडली. १९४८ साली लंडनला त्यांना गादीवर लढावे लागले, तेव्हा ते सहावे आले. पुढे त्यांनी गादीही आपलीशी केली आणि १९५२ साली हेलसिंकीस कांस्यपदक मिळविले. परंतु अंगातले बळ त्यांनी मातीतच कमावले होते.

मग या हिरव्या गालिच्याविषयी चिंता कशाची? पहिली चिंता उष्णतेची. खरे गवत मुळांनी पाणी शोषते आणि पात्यांतून वाफेच्या रूपाने सोडते. त्यामुळे ते उन्हातही थंड राहते. प्लॅस्टिकला ही कला अवगत नाही. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापतो. पडणाऱ्या मुलाचे गुडघे त्यावर खरचटतात आणि भाजतातही. दुसरी चिंता त्या रबराच्या चुऱ्याची. टायरांत जस्त आणि अनेक रासायनिक द्रव्ये असतात. ती मुलांच्या शरीरास कितपत बाधतात, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत झालेले नाही. परंतु चुरा मैदानाबाहेर जातो, याविषयी मतभेद नाही. म्हणूनच युरोपीय संघाने २०२३ साली अशा चुऱ्याच्या विक्रीवर बंदी ठरविली आणि ती अमलात आणण्यास आठ वर्षांची मुदत दिली.

आमच्या भागात हा विचार अधिकच गंभीर ठरतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस कोसळतो, तो मैदानावरचे सारे ओढ्यात नेतो. ओढा सावित्रीस मिळतो आणि सावित्री बाणकोटच्या खाडीतून समुद्रास. माती वाहिली तर ती कोठेतरी गाळ होऊन शेत पिकविते. प्लॅस्टिकचा कण मात्र कुजत नाही, रुजत नाही. त्याचे आणखी बारीक कण होतात आणि मासळीच्या पोटात जातात. २०२१ च्या जुलैत महाड परिसरात महापूर आला, तेव्हा नदीकाठची कित्येक मैदाने गाळाखाली गेली. परंतु गाळही मातीच होता. तो ओढून सारखा केला आणि हिवाळ्यात मुले पुन्हा खेळू लागली. आठ-दहा वर्षांनी झिजलेल्या प्लॅस्टिकच्या गालिच्याचे काय करावयाचे, याचे उत्तर इतके सोपे नाही.

मुलांनो, कृत्रिम मैदानावर खेळण्याचा प्रसंग आला तर अवश्य खेळा. मात्र प्रथम तळहात टेकवून ते किती तापले आहे ते पाहा, भर दुपार टाळा आणि खेळानंतर हातपाय स्वच्छ धुतल्याशिवाय खाऊ नका. परंतु आपल्या गावाला मातीचे मैदान असेल, तर ते दरिद्री समजू नका. कडेने झाडे लावा, खडे वेचा, खेळापूर्वी पाणी शिंपडा. मैदान राखण्यास पैशापेक्षा हात अधिक लागतात, आणि ते हात तुमच्यापाशी आहेत.