कड्यातला ठिपका

तरुण रुग्णाला पहिली आकडी येते, सीटी स्कॅनमध्ये मेंदूत एकच छोटं कडं दिसतं. अशा रुग्णाला एमआरआयसाठी शहरात पाठवणं मला अनेक वर्षं नको वाटायचं. त्याला कारणही भक्कम होतं. अशा कड्यांना पूर्वी सर्रास क्षयाची गाठ समजून महिनोन्‌महिने क्षयाची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या राजशेखर आणि चंडी यांनी १९९०च्या सुमारास दाखवून दिलं की त्यांतली बरीचशी कडी म्हणजे पट्टकृमीच्या अळीची गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस असते. कडं २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला सरकलेला नाही, क्षयाची इतर लक्षणं नाहीत: हे निकष सीटीवर आणि तपासणीवर भागत होते. मग गरीब माणसाला खर्चात का पाडायचं?

माझं मत बदललं ते मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमुळे. तिथली गाठ सीटीत बहुधा दिसतच नाही, कारण तिचं आवरण पातळ आणि आतलं पाणी भोवतीच्या पाण्यासारखंच. एमआरआयच्या थ्रीडी सिस किंवा फिएस्टा या सिक्वेन्समध्ये मात्र आवरणाची कड उमटते आणि आत ठिपका दिसतो. तो ठिपका म्हणजे अळीचं डोकं. तो दिसला की निदानाचा वाद मिटतो. आणि उपचारही बदलतो. पोकळीतली गाठ पाण्याची वाट अडवू शकते. ती शक्य तिथे दुर्बिणीतून काढतात. आधीच अळी मारणारं अल्बेंडाझोल दिलं तर सूज वाढून काम अवघड होतं. केवळ सीटी पाहून गोळ्या लिहिणं मला आता धास्तीचं वाटतं.

एमआरआयमध्येच गाठीतली रसायनं तपासणाऱ्या स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल मी अजून हात राखून आहे. क्षयाच्या गाठीत चरबीचं उंच शिखर दिसतं हे खरं, पण कडं लहान असेल किंवा हाडाला लागून असेल तर आलेख भरवशाचा राहत नाही. शिवाय सुकून चुना साठलेल्या जुन्या गाठी सीटीत सहज दिसतात, त्यामुळे सीटीही हवाच.

“आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही,” असं नातेवाईक सांगतात, तेव्हा मी थांबून समजावतो. कच्चं डुकराचं मांस खाल्ल्याने आतड्यात जंत होतो. मेंदूत गाठ होते ती त्या जंताची अंडी पोटात गेल्याने. ती जंत झालेल्या माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांनी, कच्च्या भाजीवरून येतात. शाकाहारी घरही त्यातून सुटत नाही.

घरात कुणाला आकडी आली तर डॉक्टरांना एमआरआयची गरज आहे का, हे जरूर विचारा. आणि जुन्या सीटीच्या फिल्म फेकू नका, सोबत आणा. गाठ विरतेय की तशीच आहे, हे त्या शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही.