सोंग आणि हाडं
माफिया या छुप्या भूमिकांच्या खेळात कुणी ‘मी पोलीस’ म्हटलं, की बाकीचे त्याचा चेहरा न्याहाळू लागतात. मला ही चूक वाटते. सराईत सोंगाड्याचा चेहरा त्याला दगा देत नाही. जबलपूरचंच पाहा. 1830 च्या दशकात ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमननं तिथून प्रवाशांना मारून लुटणाऱ्या ठगांचा माग काढला. ठगांचं सगळं भांडवल म्हणजे सहप्रवाशाचं सोंग. स्लीमननं माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि प्रेतं पुरल्याच्या त्यांनी दाखवलेल्या जागा उकरल्या. खेळातही दावा ऐकताच मत देऊन कुणाला फाशी देऊ नये. आधी तपशील मागावा, आणि एकच भूमिका सांगणारे दोघे निघाले तर त्यांना गोष्ट सावरायला उसंत देऊ नये.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्तच आहे: जीव वाचवायला साक्षीदार खोटंही बोलेल, आणि विचारणाऱ्याला काय हवंय हे कळलं की जबान्या आपोआप जुळतात. इतिहासकारांनी स्लीमनच्या कामावर हा संशय घेतलाच आहे; मलाही तो पटतो. म्हणूनच जुळलेल्या जबानीपेक्षा उकरलेली हाडं वजनदार. खेळातली हाडं म्हणजे कुणी कुणाविरुद्ध मत दिलं ते. मागाहून ते बदलता येत नाही. 1836 च्या कायद्यानं मात्र हाडांची वाट न पाहता ठगांच्या टोळीत असणं एवढंच जन्मठेपेला पुरेसं ठरवलं.